दहा दिवसांचा शिधा : महाड-पोलादपूरची आगोट आणि एक परिषद

डिसेंबर १९२७. महाडमध्ये एका परिषदेची तयारी चालू होती. मंडपासाठी गावात कोणी जागा देईना. ती अखेर फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी दिली. जागेचा प्रश्न सुटल्यावर स्वागत मंडळाने धान्याचा विचार सुरू केला. परिषदेला येणाऱ्या माणसांना महाडचे व्यापारी काहीही विकणार नाहीत, असा अंदाज होता. म्हणून दहा दिवस पुरेल इतके धान्य आणि इतर सामान आधीच विकत घेऊन भरून ठेवण्यात आले. पुढे अंदाज खरा ठरला. बाजाराने पाठ फिरवली, तरी परिषदेची चूल पेटत राहिली.

चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळेच्या पुस्तकातही असतो. त्या सत्याग्रहामागच्या या कोठीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. तो करायचा तर प्रथम त्या मुलखातील एक जुनी सवय समजून घ्यावी लागते, कारण पुढचे चार दिवस, चार आठवडे, चार महिने काय खायचे हे आधीच ठरवून, शिजवून, वाळवून, दळून ठेवणे ही महाड-पोलादपूरच्या घराघरांतील विद्या आहे. तिला कोकणात आगोट म्हणतात.

पोलादपूर महाबळेश्वरच्या डोंगराच्या थेट पायथ्याशी आहे. महाड तिथून खाली, सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे सहज पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रस्ते होण्यापूर्वीच्या काळात या चार महिन्यांचा अर्थ फार कठोर होता. सावित्रीच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर दासगाव-महाडपर्यंत येणारी गलबते बंद. वरंध, पार, आंबेनळी या घाटवाटांनी मीठ, तांदूळ आणि सुकी मासळी वर नेणारे, गूळ, मिरची, कडधान्ये खाली आणणारे बैलांचे तांडे बंद. ओढे फुगले की वाडी आणि गाव यांच्यातला संबंधही तुटलेला. घरात जे असेल तेवढेच.

आगोट भरायची ती या चार महिन्यांसाठी. मेअखेर ती घरात आली पाहिजे, असा दंडक.

आगोटीत धान्य असते, पण केवळ धान्य म्हणजे आगोट नव्हे. भात कणगीत असतेच. बांबूच्या विणलेल्या त्या उंच टोपलीला आतून-बाहेरून शेणाने लिंपून घेतलेले असते. नाचणी आणि वरी वरकस जमिनीतून आलेली असते. खरी मेहनत त्यापुढे सुरू होते. रातांब्याच्या साली मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायच्या, तेव्हा आमसुले होतात. कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी, फणसाच्या रसाची साठे, चिंचेचे मीठ लावून वळलेले गोळे, ताकात मुरवून वाळवलेली मिरची, तांदळाचे आणि पोह्यांचे पापड, फेण्या. कडवे वाल ही रायगडची खासियत. त्यांना लाल मातीचा हात देऊन वाळवले की कीड लागत नाही. वर्षाचे तिखट आणि हळद कुटून बरणीत. आणि श्रीवर्धन, मुरूड, हर्णैच्या किनाऱ्यावरून बाजारात आलेली सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, त्यामुळे डोंगराकडच्या माणसाला चार महिने मासळीची चव आणि पोषण मिळायचे ते या सुक्या मालातूनच. घरी आणल्यावर तिला आणखी एक कडक ऊन दाखवायचे, आणि मग चुलीच्या वर, जिथे रोजचा धूर पोचतो अशा जागी टांगून ठेवायचे.

या यादीत दोन पदार्थ असे आहेत की त्यांच्याकडे नीट पाहिले तर सगळ्या पद्धतीचे मर्म कळते.

पहिला कुळीथ. कुळीथ भाजायचा, जात्यावर भरडायचा, पाखडून साल काढायची, मग बारीक दळायचा. हे सगळे उन्हाळ्यात, सवडीने. त्यानंतर जुलैमधल्या एखाद्या संध्याकाळी भातलावणी करून, गुडघाभर चिखलातून घरी आलेल्या बाईला करायचे उरते ते एवढेच : लसणाची फोडणी, पाणी, एखादे आमसूल, आणि पाण्यात कालवलेली ही पिठी. दहा-पंधरा मिनिटांत पिठले तयार. कडधान्य असल्यामुळे प्रथिनेही मिळाली. वेळ वाचला हे खरे. पण तो शून्यातून आला नाही, एप्रिल-मेमधून उसना आणलेला आहे.

दुसरे नाचणीचे सत्त्व. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला गाळ उन्हात वाळवायचा. हे तान्ह्या मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. पावसाळा हा तापाचा आणि जुलाबांचा काळ, वैद्य दोन डोंगरांपलीकडे, आणि घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला पचेल असे अन्न डब्यात आधीपासून तयार. चांगले खाण्याचा विचार आगोटीत किती खोलवर होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

आंबील आणि शिळी भाकरी यांचाही मान इथेच. नाचणीचे पीठ रात्री भिजवून आंबवले की सकाळी न्याहारी तयार. पहाटे भाजलेली भाकरी आणि भाजलेल्या सुकटीची चटणी फडक्यात बांधली की दुपारी शेतावर चूल पेटवायला नको. लावणीचे दिवस मोजके असतात. रोपे म्हातारी झाली की उत्पन्न घटते. त्या दिवसांत प्रत्येक तास शेताचा. रविवारी आठवड्याचे डबे भरून ठेवण्याची नवी शहरी रीत ज्यांना कौतुकाची वाटते, त्यांनी एकदा या वेळापत्रकाकडे पाहावे. इथे रविवार चार महिने लांबीचा होता.

अर्थात हे सगळे कोण करत होते? बायका. वाळवणे राखणे, जात्यावर दळणे, पापड लाटायला शेजारणींना बोलावणे आणि उद्या त्यांच्याकडे जाणे. वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दीड महिन्यात ही सगळी कामे रोजच्या पाण्या-सरपणाच्या वर येऊन पडत. आगोटीचे गोडवे गाताना हा हिशेब वगळण्याची रीत आहे. ती बरी नव्हे.

जगात इतरत्रही माणसांनी हेच केले. आंदीज पर्वतात इंका राज्याने डोंगरउतारांवर कोठारांच्या रांगा उभारल्या आणि त्यांत रात्रीच्या थंडीत गोठवून, दिवसा उन्हात सुकवलेले बटाटे भरले. तत्त्व एकच : पदार्थातले पाणी काढून टाका, किंवा मीठ-आंबटाने ते जंतूंच्या उपयोगाचे राहू देऊ नका. कोकणात थंडी नाही, म्हणून इथे ऊन, मीठ, धूर आणि आमसूल.

हीच विद्या राज्यकारभारात गेली की तिचे रूप बदलते. महाडपासून रायगड फार दूर नाही. जून १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तो पावसाळ्याच्या अगदी तोंडाशी, आणि त्या वेळी गडावर जमलेल्या माणसांना पोसणे ही स्वतंत्र मोहीमच असणार. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेव्हा गडावर होता. जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात त्या भेटीची एक गंमत नोंदवली आहे. गडाला मांस पुरवणारा म्हातारा खाटीक या इंग्रजांना बघायला मुद्दाम डोंगर चढून आला. कारण त्याने आधीच्या कित्येक वर्षांत विकले नव्हते तेवढे मांस या मंडळींनी महिन्याभरात फस्त केले होते. गडावरच्या लोकांचे खाणे काय, तर डाळ-तांदळाची तूप घालून केलेली खिचडी, असे फ्रायर सांगतो. प्रवासी हसतो आहे, पण त्याच्या नोंदीतून गडाचे स्वयंपाकघर दिसते. डाळ, तांदूळ, तूप : तिन्ही वस्तू कोठीत टिकणाऱ्या. रोज ताजे बोकड खाणारा पाहुणा अशा स्वयंपाकघराला न परवडणारा.

जे टिकत नाही ते रोज वर आणावे लागे. हिरकणीची प्रसिद्ध दंतकथा दूध विकणाऱ्या गवळणीची आहे हा योगायोग वाटत नाही. धान्य विकणारी बाई संध्याकाळी गडावर अडकली असती, तर कथा तिथेच संपली असती, कारण तिला रोज यायचे कारणच नव्हते.

साठ्याविषयी शिवाजी महाराज किती बारकाईने विचार करत, हे चिपळूणजवळच्या हालवर्ण येथील छावणीला त्यांनी पाठवलेल्या पत्रातून कळते. हे पत्र १६७० च्या दशकातले, आणि पोलादपूरच्या दक्षिणेला, खेडपलीकडच्याच मुलखातले. घोडदळ तिथे पावसाळ्यासाठी मुक्कामाला होते. दाणा, वैरण जमा करून दिली होती. पत्राचा आशय असा : हा साठा चार महिन्यांचा आहे. आत्ताच वाटेल तसा उधळलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजी आणू लागतील. कुणबी गाव सोडून जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि त्यांना वाटेल की याहून मोगल बरे. पुढे आणखी एक सूचना आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल.

उंदराची ही ओळ इतिहासप्रेमींना फार आवडते, आणि ती आवडण्यासारखीच आहे. तरी पत्रातला महत्त्वाचा मुद्दा त्याच्या आधी येऊन गेलेला असतो. सैन्याने स्वतःचे अन्न आधी राखले नाही, तर ते दुसऱ्याच्या चुलीपर्यंत पोचते. कोठी रिकामी झाली की शिस्त मोडते आणि राज्याची नीतीच धोक्यात येते, हे त्या पत्रात सरळ सांगितले आहे.

रायगडाला पुढे दोनदा ही कसोटी द्यावी लागली. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मार्च १६८९ मध्ये मोगल फौजेने गडाला वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी राजाराम महाराज निसटले. गड मात्र ३ नोव्हेंबर १६८९ पर्यंत मोगलांच्या हाती गेला नाही. मधला अख्खा पावसाळा वर अडकलेल्या माणसांनी वरच्याच धान्यावर आणि पाण्यावर काढला. १८१८ ला वेळ वेगळी आली. इंग्रजांच्या उखळी तोफांचा मारा गडावर झाला, इमारतींना आगी लागल्या आणि १० मे रोजी गड गेला. आकाशातून पडणाऱ्या गोळ्यापुढे भरलेल्या कोठाराचा काय उपयोग?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर मोठे प्रकरण आहे. त्यात गडावर आधी पाणी पाहावे, मगच बांधावे, आणि झरा असला तरी त्यावर विसंबून न राहता राखीव टाकी खोदावीत, असे बजावले आहे. धान्य भरता येते, वर चढवता येते. पाण्याचे तसे नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. महाडच्या इतिहासात ती दोनशेहून अधिक वर्षांनी पुन्हा समोर येते.

त्याआधी एक अडचणीचा प्रश्न. आगोट भरणे सर्वांनाच शक्य होते का?

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोतीची पद्धत होती. भात निघाले की खोताचा वाटा आधी जायचा. उरलेल्यातून मागच्या वर्षीचे उसने फिटायचे. दिवाळीनंतर भरलेली दिसणारी कणगी शिमग्यापर्यंत तळ दाखवू लागायची, आणि आगोटीच्या वेळी, म्हणजे खरेदीची सर्वाधिक गरज असताना, कुळाच्या हाती काही नसायचे. मग खावटी. पावसाळ्यात खाण्यापुरते धान्य कर्जाऊ घ्यायचे आणि नव्या पिकावर ते व्याजासह परत करायचे. कातकऱ्यांसारख्या भूमिहीनांना तर फेडायला पीकही नव्हते. त्यांनी पुढच्या मोसमाची मजुरीच गहाण टाकायची. आधी तयारी करून ठेवण्याला काहीतरी शिल्लक लागते, ही साधी गोष्ट आहे. शिल्लक कोणाकडे राहू द्यायची हे खोत ठरवत होता. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी शेतकऱ्यांनी शेते पडीक ठेवली ती याच व्यवस्थेविरुद्ध. आणि १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले तेही याच व्यवस्थेविरुद्ध.

गावकुसाबाहेरच्या महारवाड्यात अवस्था याहून बिकट. गावकीची कामे केल्याबद्दल मिळणारे बलुते, घरोघर मागून आणलेली भाकर, लग्नाकार्यातले उष्टे, मेलेल्या गुरांचे मांस. या अन्नाला कोठी नसते. ते देणाऱ्याच्या इच्छेने, त्याच्या वेळेला मिळते, आणि देणारा रागावला की थांबते.

या पार्श्वभूमीवर १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगावचे तरुण, अनंत विनायक चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस अशी मंडळी आयोजनात होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने मंजूर केला होता, आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे खुले. प्रत्यक्षात एकही अस्पृश्य त्या पाण्यापाशी जाऊ शकत नव्हता.

धनंजय कीर यांनी आंबेडकर चरित्रात या परिषदेला आलेल्या माणसांचे वर्णन केले आहे : पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत, शंभर शंभर मैलांवरून, खांद्याला भाकरीची गाठोडी लटकवून ही माणसे महाडला पोचली. चरित्र वाचताना हा तपशील सहज निसटतो. वाटेत कोणतीही खाणावळ या माणसांना दारात उभी करणार नव्हती. कोणी पाणी घातले तर ते वरून, ओंजळीत. पायी शंभर मैल म्हणजे चार-पाच दिवस. तेवढे दिवस टिकेल असे काहीतरी घरातून निघायच्या आधी कोणीतरी भाजून, बांधून दिले होते. ज्या घरांत उद्याची भाकर हीच चिंता, त्या घरांतून ही शिदोरी निघाली. ती बांधणाऱ्या बायकांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

महाडला पोचल्यावर अन्नाची सोय झाली. पाण्याची मात्र नाही. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. तळे जवळच होते. शिदोरी घरून आणता येते, तांदूळ पोत्यातून येतो. हजारो माणसांचे दोन दिवसांचे पाणी गाठोड्यात येत नाही. आज्ञापत्राने गडकऱ्याला सांगितलेली अडचण इथे माणसांनी माणसांसाठी तयार करून ठेवलेली होती.

परिषदेत बाबासाहेबांनी जे सांगितले त्यात खाण्याचा विषय अगदी मध्यभागी होता. मेलेल्या जनावराचे मांस सोडा. उष्टे, शिळे तुकडे मागून खाऊ नका. हा उपदेश अनेकदा केवळ स्वच्छतेचा म्हणून वाचला जातो, पण तसे वाचल्याने त्याचा निम्मा अर्थ हातातून जातो. दुसऱ्याच्या ताटातून उरलेले खाणे आणि स्वतः कमावलेले, स्वतः राखलेले खाणे यांतला फरक ते सांगत होते. चांगले खाणे म्हणजे काय, या प्रश्नाला त्या मंडपात मिळालेले उत्तर पोषणाच्या कुठल्याही तक्त्यात बसणारे नव्हते.

२० मार्चला मिरवणुकीने जाऊन सर्वांनी तळ्याचे पाणी घेतले. सभा संपली. बरेच लोक परतीच्या वाटेला लागले. काही सामान बांधत होते, काही निघण्यापूर्वी मंडपात जेवत होते. तेवढ्यात हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात उठली. जमाव मंडपावर चालून आला. जेवणाऱ्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले, भांडी ठेचली गेली. पुढे गावागावांत परतणाऱ्यांनाही गाठून मारण्यात आले.

मातीत मिसळलेल्या अन्नाकडे केवळ दंगलीतले नुकसान म्हणून पाहता येत नाही. जमावाला हे पक्के ठाऊक होते की या माणसांना गावात दुसरे अन्न विकत मिळणार नाही.

म्हणूनच डिसेंबरची तयारी इतकी निराळी दिसते. मार्चमध्ये प्रत्येकाची शिदोरी प्रत्येकाच्या खांद्यावर होती. डिसेंबरमध्ये स्वागत मंडळाने सर्वांसाठी एक कोठी केली. धान्य दहा दिवसांचे, परिषद त्याहून कमी दिवसांची. हिशेबातले जास्तीचे दिवस काय सांगतात? सत्याग्रह लांबला, पकडापकड झाली, वाटा अडवल्या गेल्या, तर माणसे उपासमारीने उठून जाऊ नयेत. वेढ्याची शक्यता धरून केलेला हा हिशेब होता, आणि आगोट भरणाऱ्या कोणत्याही घराला तो ओळखीचा वाटला असता.

प्रवासही त्याच विचाराने आखला गेला. २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी पद्मावती बोटीने निघाले. मुंबईहून जवळचे बंदर धरमतर, पण तिथून पुढे महाडपर्यंत मोटारीवर अवलंबून राहावे लागले असते, आणि मोटारवाल्यांनी आयत्या वेळी नकार दिला असता तर सगळेच अडकले असते. म्हणून लांबचा फेरा घेऊन दासगाव. दासगावाहून महाड पाच मैल. कोणी वाहन दिले नाही तरी पायी जाता येते. धान्याचा निर्णय आणि बंदराचा निर्णय एकाच प्रश्नातून निघाले होते : कोणी नकार दिला तर आपले काय अडेल? जे जे अडेल असे दिसले, त्याची सोय आधी करून ठेवली गेली.

२५ डिसेंबरच्या रात्री परिषदेच्या जागी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र झाला नाही. सवर्णांपैकी काहींनी तळे खाजगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात लावला होता आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हजारो माणसे सत्याग्रहासाठी नाव नोंदवून तयार असताना बाबासाहेबांनी न्यायालयाचा निकाल येईपर्यंत थांबण्याचा निर्णय सभेपुढे ठेवला. सभेने तो स्वीकारला. मग तळ्याभोवती मिरवणूक निघाली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

या निर्णयावर तेव्हाही मतभेद होते आणि अभ्यासकांत आजही आहेत. त्या वादात न शिरताही एक गोष्ट नोंदवता येते. परिषद उपासमारीने, घाईने किंवा बाजाराच्या दयेने मोडली नाही. थांबायचे की पुढे जायचे, यावर तिथे शांतपणे चर्चा होऊ शकली. भुकेल्या जमावाला इतका अवधी मिळत नाही.

दाव्याचा शेवट होण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. खालच्या न्यायालयांत सवर्ण वादी हरले, त्यांनी अपील केले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादिकालापासून चालत आल्याचे वाद्यांना सिद्ध करता आले नव्हते. त्यानंतर महाडला येणाऱ्या कोणालाही पाणी चाळीस रुपयांना विकत घेण्याचे कायद्याने कारण उरले नाही.